‘अवलंबून’ म्हणजे परावलंबी नव्हे

महोदय,

बुद्धविचारावरील लेखांत ‘प्रतीत्यसमुत्पाद’ (प्रत्येक गोष्ट कारणांच्या आधाराने उपजते, हा बुद्धाचा सिद्धांत) म्हणजे ‘परावलंबन’ असे सर्रास लिहिले जाते. इथेच घोटाळा होतो.

‘अवलंब’मध्ये लंब् म्हणजे लटकणे. कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) मिरवेल पोफळीला बिलगून चढते. पोफळ पडली की वेलही आडवी. वेल गेली तर पोफळीचे मात्र काहीच बिघडत नाही. व्यवहारातले अवलंबन असे एकतर्फी, आणि ‘मुलांवर अवलंबून’ म्हणताना त्यात थोडी लाजही मिसळते.

‘प्रतीत्य’ हे प्रति + इ (जाणे) या धातूपासून बनले आहे : गाठून, आश्रय घेऊन. ‘हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही’, एवढाच नियम. समईची ज्योत तेल, वात, हवा यांच्यामुळे तेवते. तिला कोणी परावलंबी म्हणत नाही. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त एकमेकींना टेकवलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांचा दृष्टांत देतो : विज्ञान (म्हणजे जाणीव) आणि नामरूप (म्हणजे मन-शरीर) तसे. एक ओढली की दुसरी पडते. इथे मिरवेल-पोफळीचा हिशेब चालत नाही.

अविद्येपासून जरामरणापर्यंतची १२ निदाने (दुःख उपजवणाऱ्या साखळीतल्या कड्या) ही निव्वळ घोकंपट्टीची यादीही नव्हे. साधनेत नेमका जोर वेदना आणि तृष्णा यांच्या सांध्यावर असतो. वेदना, म्हणजे सुखद-दुःखद अनुभव, टळत नाही (मराठीतली ‘वेदना’ फक्त दुखण्याची, हा आणखी एक घोटाळा). तिच्यामागून येणारी हाव टळू शकते.

साखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी ज्या गोव्याच्या भूमीत जन्मले, तिथल्या वृत्तपत्रांनी तरी ‘परावलंबन’ टाळून ‘प्रत्ययांवर (कारणांवर) आधारित उत्पत्ती’ असे लिहावे.

– एक वाचक, फोंडा