सूचना : दृढीकरण वर्ग आणि आपला मतांगीकार

मंडळीच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी उपासनेनंतर भरणाऱ्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्याने स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात प्रेषितांचा मतांगीकार व नायसिन मतांगीकार या उपासनेत एकत्र म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या दोन कबुल्यांचा अर्थ समजावून सांगण्यात येणार असून, उमेदवारांच्या पालकांनीही त्यास उपस्थित राहावे. पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा निर्माण केलेला नसून पित्याशी एकतत्त्व आहे, हे इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील परिषदेत ठरले. नायसिन मतांगीकारातील पवित्र आत्म्याविषयीचा विस्तृत भाग ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो. ‘अधोलोकात उतरला’ हे शब्द मात्र या दोन मतांगीकारांपैकी केवळ प्रेषितांच्या मतांगीकारात आहेत, आणि नेमके तेथेच मागच्या बाकांवरचे आवाज हटकून खाली येतात. मतांगीकारातील ‘सार्वत्रिक मंडळी’ म्हणजे रोमन कॅथलिक मंडळी नव्हे, तर सर्व काळांतील व सर्व देशांतील ख्रिस्ताची मंडळी होय. बाप्तिस्म्याबाबत वारंवार विचारणा होते, म्हणून नमूद करीत आहे की, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून स्थापन झालेल्या आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही ग्राह्य आहेत. उमेदवारांनी पवित्र शास्त्र व वही सोबत आणावी.

सचिव, पंचकमिटी