बासरीचे रोगण आणि उतणारे ओठ

महोदय,

अनेक वर्षे बासरी वाजवल्यानंतर अलीकडेच मी हौसेने शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी विकत घेतली. तिसऱ्या दिवशी खालच्या ओठावर आणि हनुवटीवर खाज सुटून बारीक पाण्याचे फोड आले. घरच्यांनी ते उष्णतेचे मानले, आणि मीही ओठांना लोणी लावून आठवडाभर वाजवत राहिलो, त्यामुळे त्रास फारच वाढला.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो ‘तुम्हाला बिब्बा उततो का?’ असा. लहानपणी पायात काटा मोडल्यावर आजीने लावलेला बिब्बा मला चांगलाच उतला होता. शाकुहाचीच्या पोकळीला बहुधा ‘उरुशी’ हे रोगण देतात. आपली लाख किड्यापासून मिळते. उरुशी मात्र झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातले आहे. त्यातील उरुशिऑल हे द्रव्य त्वचेला चालत नाही, आणि पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठत असल्याने बासरीवर संशयच जात नाही. आंब्याच्या चिकाने ज्यांचे तोंड उतते किंवा काजूच्या टरफलातील तेलाने ज्यांचे हात सोलवटतात, त्यांनी म्हणूनच विशेष जपावे.

उरुशी पूर्ण सुकली की सहसा बाधत नाही. परंतु ती उन्हाने नव्हे, तर उबदार व दमट हवेत सुकते, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. नवी बासरी उन्हात ठेवल्यास बांबू तडकेल आणि रोगण तसेच कच्चे राहील. ओठ उतले तर वादन ताबडतोब थांबवावे, रोगण घरी घासून काढू नये, कारण त्याची धूळही बाधू शकते, आणि औषधाच्या दुकानातून मनाने स्टेरॉइडचे मलम आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे बासरी घेऊनच जावे.

मला ती विकणाऱ्याने रोगणाविषयी चकार शब्द काढला नव्हता. वाद्यविक्रेत्यांनी, विशेषतः ऑनलाइन विकणाऱ्यांनी, बासरीला आतून-बाहेरून कोणते रोगण दिले आहे आणि ते कधी दिले, हे चिठ्ठीवर मराठीत छापावे, एवढी माझी मागणी आहे. आपल्या बासरीला आतून नुसते तेल देण्याची रीत असल्याने हा प्रश्न इथल्या वादकांना नवा आहे, आणि शिकाऊ मुले तर ओठ सुजले तरी रियाज सोडत नाहीत.

– एक बासरीवादक, पुणे