चिवड्याची फुगलेली पिशवी

गिरगाव, रविवार दुपार

चि. मंदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, 'आई, इथे डाळ का शिजत नाही गं?' आणि मी उत्तर द्यायच्या आधी 'पंप जवळ आहे ना?' म्हटलं. तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. यात त्या दम्याच्या पंपाचं नाव काढणार नाही.

तर डाळ. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा जोर वरच्या हवेच्या दाबाला पुरून उरतो. आपण समुद्राकाठी, डोक्यावर अख्खी हवा, म्हणून इथे 100 अंश लागतात. वर चढताना दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी धर. लेह 3500 मीटरवर. भागाकार तूच कर, गॅलरीत बसून केलेस तेवढे. 88 च्या आसपास येईल. गॅस कितीही मोठा केलास तरी पाणी त्याहून तापणार नाही, नुसतं आटेल. कुकरच घे. इथे शिट्टीच्या वजनाने आत बाहेरच्या दुप्पट दाब होतो आणि पाणी 120 च्या घरात जातं. तिथे बाहेरचाच दाब कमी, म्हणून कुकरही थोडा मागेच राहणार. डाळ आधी भिजव आणि दोन शिट्ट्या जास्त दे. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला हे आईने सांगायचं!

माईंना वाटलं, तुला पाठवलेल्या चिवड्याची पिशवी तिथे फुगली म्हणजे चिवडा बिघडला. काही बिघडलेला नाही. आत इथली हवा आहे, तिथे बाहेरून दाबणारा जोर कमी म्हणून ती पसरली. खालच्या काकूंना मी हे तीनदा समजावलं, आणि तीनही वेळा 'आमचा मंदार लेहला असतो ना' तिथून सुरुवात केली. हसू नकोस.

लोक म्हणतात तिथे हवेत प्राणवायू कमी. वाटा तोच रे, 21 टक्के, पण हवाच विरळ. एका श्वासात इथल्या रुपयातले जेमतेम दहा आणे हाती येतात. शरीर मग रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, पण त्याला आठवडे लागतात. सुरुवातीचे दोन दिवस पडून राहायचं असतं. तू विमानाने थेट उतरलास आणि दुसऱ्या दिवशी साइटवर! श्रीनगरवरून टप्प्याटप्प्याने जा म्हणत होते, तर माझ्यावरच ओरडलास. बाबांसारखाच. जाऊ दे. शिकवणी सुरू झाली माझी, माफ कर.

माथेरान आठवतं? दुसरीत होतास. घोड्यांच्या टापांनी लाल धूळ उडत होती आणि तू विचारलंस, 'डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ, मग गार का?' मला केवढा आनंद! दगडावर बसवून सांगायला लागले, की सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, हे 800 मीटर त्याच्या खिजगणतीत नाहीत. हवा तापते ती जमिनीमुळे, आणि वर जाताना पसरते म्हणून गार होते. तू डोळे मोठे करून ऐकत होतास. मला वाटलं, समजतंय पोराला. तुझी छाती वाजत होती, ओठ निळे पडले होते, आणि मी उत्तर पुरं करत होते. बाबांनी पाहिलं म्हणून. त्यांनी तुला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटले, त्यांची एक चप्पल तिथेच राहिली.

त्यावरून ते नंतर कधी बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं.

माईंचं पाऊल आता ठीक आहे. नानाकडच्या पूजेला मी एकटीच जाऊन आले.

आणि हे बघ, हे विज्ञानच आहे, म्हणून लिहिते. थंडीत पंपातला दाब उतरतो, फवारा नीट सुटत नाही. बॅगेत ठेवू नकोस. शर्टाच्या आतल्या खिशात ठेव, अंगाच्या उबेला.

तुझी,
आई