दत्ताला पत्र: आधी ऑर्डर थांबव

खानापूर
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा विसर्जनाच्या गडबडीत होतो, धड बोलता आलं नाही. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या तिजोरीला बटणांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं तू ठरवलंयस, आणि मी पंधरा दिवसांपूर्वीच तसलं कुलूप काढून टाकलं. म्हणून सविस्तर लिहितोय. ऑर्डर तेवढी थांबव.

हरतालिकेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्या दिवसांत आमच्या पतसंस्थेत तारणाचं सोनं सोडवायला रांग लागते. सण आला की बाईला आपला दागिना अंगावर हवा असतो. सकाळी जांबोटीकडच्या एक आजी आल्या. रुमालात बांधून आणलेले पैसे मोजून भरले, पावती घेतली आणि बाकावर बसल्या. मी कोड दाबला. बीप वाजला, हिरवा दिवा लागला, मूठ फिरवायला गेलो तर ती हलेना. कोड लागला की आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू यायचं. ते आलंच नाही.

बहुतेक वेळा दोष सेलचाच असतो, म्हणून नऊ व्होल्टचा नवा सेल घातला. तेच. दुपारी बेळगावहून तिजोरीचा मिस्त्री आला. त्यानं बाहेरचा बटणांचा डबा काढून स्वतःजवळचा दुसरा जोडून पाहिला. तरीही तेच. म्हणजे बिघाड दाराच्या आत, आणि आत जायची वाट त्याच दारातून.

आजी उठून माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “माझ्या पाटल्या भितरच ऱ्हातात काय गा बाळा?”

दत्ता, मला उत्तर देता येईना. त्यांनी पैसे भरलेत, पावतीवर माझी सही आहे, सोनं चार हातांवर आहे, आणि मी ते देऊ शकत नाही. पतसंस्था चालते ती ह्याच एका गोष्टीवर, की माणसानं मागितलं की त्याचं त्याला मिळालं पाहिजे.

शेवटी दाराला भोक पाडावं लागलं. मधे कडक पोलादाची पाटी असते, तिच्यावर कार्बाइडचे तीन ड्रिल बोथट झाले. संध्याकाळी सात वाजता दार उघडलं. आजींनी दोन्ही पाटल्या पदरानं पुसल्या, एकेक करून हातात चढवल्या आणि मनगट दिव्याकडे धरून बघितलं. जांबोटीची गाडी केव्हाच गेली होती. त्यांना आमच्या कारकुनानं घरी पोचवलं.

मिस्त्रीनं ते कुलूप उघडून माझ्या तळहातावर ठेवलं. आतल्या तारेच्या टोकाला हिरवा गंज, केसाएवढा. खानापूरचा पाऊस तुला काय सांगायचा. चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या वह्यांना वास. त्या केसाएवढ्या गंजानं अख्खा दिवस अडवला, आणि आदल्या दिवशीपर्यंत काही कळू दिलं नाही.

आता नवीन बसवलंय ते डायलचं, तीन आकड्यांचं. त्याला सेल नाही, तार नाही. दोन्ही जातींच्या कुलपांची बैठक आणि स्क्रूच्या जागा बहुधा सारख्याच असतात, त्यामुळे दार बदलावं लागत नाही. जिथून तार आत जायची त्याच भोकातून डायलचा दांडा जातो. पण भोक सरळ हवं. दांडा कडेला घासला तर हाताला आतलं काही कळत नाही. आमचं भोक किंचित कललेलं होतं, ते मिस्त्रीनं कानसून सरळ केलं, मग दांडा दाराच्या जाडीप्रमाणे कापला. ड्रिलच्या भोकात कडक पोलादाची पीन ठोकून वर वेल्डिंग केलं. जुन्या डब्याचे डाग झाकायला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून गोल पाटी करून घेतली.

झाकण लावण्याआधी त्यानं मला आतलं दाखवलं, आणि तिथंच माझं मन बसलं. एकामागे एक तीन चकत्या, प्रत्येकीला एक खाच. डायल फिरवताना पहिली दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची पट्टी त्यात पडते आणि बोल्ट मागे ओढला जातो. बस्स, एवढंच. झाकणावरही एक खुबी आहे: कुणी ठोकून ते उडवलं तर आतला दुसरा अडसर सुटतो आणि बोल्ट जाम होतो.

उघडायची रीत अशी. डावीकडे फिरवत पहिला आकडा चौथ्यांदा खुणेवर आला की थांबायचं. मग उजवीकडे, दुसरा आकडा तिसऱ्यांदा. मग डावीकडे, तिसरा दुसऱ्यांदा. शेवटी उजवीकडे, डायल अडेपर्यंत. एक रेघ पुढं गेलास तर मागं आणायचं नाही, पहिल्यापासून सुरू. पहिले दोन दिवस मी घाई करत होतो, आणि मिस्त्री माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणायचा, “निधान, निधान.” कानडीत म्हणजे सावकाश. त्याला मराठी चांगलं येतं, पण ह्या कामाला त्याच्याकडे हाच शब्द होता. आता सकाळी डायलला हात लावला की तोच कानात येतो.

नवा आकडा ठरवताना तिसरा 0 ते 20 मधला घेऊ नकोस, तिथं कुलूप नीट लागत नाही. वहिनींचा वाढदिवस, गाडीचा नंबर, असलंही नको. आणि आकडा बदललास की दार उघडं ठेवूनच निदान तीनदा लावून-उघडून बघ. तसं न बघताच दार लावलंस आणि आकडा चुकला असला, तर पुन्हा ड्रिल.

उणंही सांगतो. बटणांच्या कुलपात प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो, कुणी केव्हा उघडलं त्याची नोंद राहते, ठरावीक वेळेआधी उघडू नये अशी सोयही असते. इथं तसलं काही नाही. आकडा सगळ्यांना एकच, आणि माणूस सोडून गेला की तो बदलायलाच हवा. उघडायला अर्धा मिनिट जास्त लागतो. आमच्या दाराला किल्लीचं कुलूप आधीपासून आहे, म्हणून आकडा माझ्याकडे आणि किल्ली खजिनदारांकडे, अशी वाटणी केली. तुझ्याकडे दिवसातून वीसदा दार उघडत असेल आणि चार जण उघडत असतील, तर बटणांचं घे, मी अडवणार नाही. पण तू बोललास त्यावरून दिवसातून दोनदा, तेही तू किंवा काका. मग डायलच घे. हे कुलूप बिघडायला लागलं की आधी हाताला जड लागतं, आकडा एखाद्या रेघेनं सरकतो, म्हणजे मिस्त्रीला बोलवायला वेळ मिळतो. दोन वर्षांनी एकदा उघडून साफ करून घ्यायचं. आत तेल मात्र अजिबात सोडू नकोस, धूळ धरतं आणि चकत्या चिकटतात.

मिस्त्री पुढच्या आठवड्यात संकेश्वरला येणार आहे, तिथून तुझ्याकडे येईल. त्याआधी दाराची जाडी आणि तार जाते त्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजून कळव. पट्टीनं नको. दांडा कापायचं माप त्यावरच ठरेल.

काकांना नमस्कार.

तुझा,
महादेव