सदतीस टाके

नाशिक,
११ जानेवारी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मफलरचा फोटो मंगळवारी दुपारी पावणेतीनला आला. मिनियापोलिसला तेव्हा रात्रीचे सव्वातीन वाजले होते. त्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवून बसले आहे, तेव्हा विणकामाचेच लिहिते.

फोटो मोठा करून मी टाके मोजले. तू ३० घातले होतेस, वरच्या टोकाला ३७ आहेत. सातांपैकी पाच काठाला वाढले आहेत. सुई फिरवल्यावर तू धागा सुईवरून मागे टाकत असणार. त्याने पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि तू दोन्ही विणतोस. धागा आधी खाली सोडून सुईच्या खालून मागे न्यावा. उरलेले दोन म्हणजे मधली ती दोन भोके. उलट टाक्यानंतर धागा मागे न नेता पुढेच ठेवून सुलट टाका घेतला, की सुईवर एक जादा वेढा बसतो आणि खाली भोक राहते. खरे तर एक सुलट एक उलटला इतक्या लवकर हात घालायला नको होता. आधी वीतभर नुसते सुलट विणायचे, प्रत्येक ओळ सुलट. तशी वीण काठाला वळतही नाही. आणि दर ओळीनंतर टाके मोजायचे. झोपेने जड झालेल्या डोळ्यांना हे जमत नाही, मलाही कधी जमले नाही.

वीण जाळीसारखी सैल झाली आहे, त्यात मात्र दोष माझा. फोनवर मी तुला आठ नंबरच्या सुया घे म्हणाले. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते आणि तुमच्याकडे जाड होते, हे मला शेजारच्या वहिनींकडून काल कळले. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकेतली ५ ची. आपली आठ म्हणजे त्यांची सहा, आणि त्यांची आठ म्हणजे आपली सहा! यापुढे नंबर न पाहता मिलिमीटर पाहून घे.

तुझा तो मरून स्वेटर मी तीनदा उसवून तीनदा विणला होता, दर वेळी थोडी नवी लोकर घालून. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. तिची लडी करून, भिजवून, वाळत टाकली की सरळ होते. ती लडी दोन्ही हातांत ताणून धरून तू समोर बसायचास आणि मी गुंडा करायचे. तू नऊ वर्षांचा असताना त्याच सुया उचलून ‘मला शिकव’ म्हणाला होतास, आणि आत्याबाई हसल्या म्हणून मीही हसले, ‘हे मुलांचे काम नव्हे’ म्हणाले. तू सुया जिथल्या तिथे ठेवल्यास आणि पुन्हा कधी विचारले नाहीस. मी स्वतः सायकलच्या तारांवर शिकलेली बाई; मला तरी हसायचे काही कारण नव्हते. त्या दिवशी शिकवले असते, तर आज तुला व्हिडिओतल्या परक्या बाईकडून शिकावे लागले नसते.

तिच्याविषयी मी विचारणार नाही. दिवाळीत विचारले आणि तू फोन ठेवलास, ते लक्षात आहे. पण माणसाने अकराला अंथरुणावर पडावे, झोप येवो न येवो. रात्री जागून सकाळी त्या बर्फात गाडी चालवायची म्हणजे... असो. पुन्हा तेच लिहू लागले, रागावू नकोस. निफाडचा पारा पाच-सहावर उतरला की आम्ही दारे-खिडक्या लावून बसतो, आणि तू उणे १८ मध्ये राहतोस. तिथली थंडी मी रोज फोनवर पाहते.

ह्यांनी फोटो पाहून ‘बरा आहे’ एवढेच म्हटले. संध्याकाळी कळले, की सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत तो सगळ्यांना दाखवून झाला होता आणि ‘टाके थोडे वाढलेत, पण पहिलाच आहे’ हेही सांगून झाले होते. हे टाके मोजायला कधी शिकले, देव जाणे.

मफलर भोकांच्या खालच्या ओळीपर्यंत उसव. सगळा उसवू नकोस. खालचे चार बोटे काम चांगले उतरले आहे, टाके एकसारखे आहेत, माझे पहिल्या महिन्यात तसे नव्हते. उसवण्याआधी त्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घे, म्हणजे टाके तिथेच थांबतील, आणखी निसटणार नाहीत. लोकर अस्सल आहे म्हणतोस, तर कपड्यांच्या मशीनमध्ये गरम पाण्यात टाकू नकोस, आटून पुठ्ठ्यासारखी होईल.

चार मिलिमीटरच्या सुया आणि सुटलेला टाका उचलायला क्रोशाचा आकडा पार्सलने पाठवते आहे, सोबत मेतकूट आहे. पुढचा फोटो दिवसा, खिडकीशी धरून काढ. दिव्याच्या उजेडात टाके मला नीट मोजता येत नाहीत.

तुझी,
आई