लिहिणाऱ्याला पहिला वाचक मिळावा म्हणून : खान्देशातील वाचकांना व दात्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

तापीकाठच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नव्याने लिहू लागलेली मंडळी जमतात आणि आपापले लेखन वाचून दाखवतात. गेल्या पावसाळ्यातील एका बैठकीला दूरच्या खेड्यातून एक ताई आल्या होत्या. वही आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणि मग कापडी पिशवीत घालून त्यांनी ती पावसातून जपून आणली होती. मात्र त्यांचा क्रमांक येण्याआधीच शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली आणि वही न उघडताच त्यांना उठावे लागले. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना फोन लावला, टेबलाच्या मधोमध ठेवून स्पीकर चालू केला, आणि कापूस वेचणीवरची त्यांची कविता आठ-दहा जणांनी ऐकली. बोंडाच्या वाळल्या टोकाने नखाशेजारी जी चीर पडते, तिच्यावर त्यात एक ओळ होती. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी “ताई, ती ओळ पुन्हा म्हणा” अशी विनंती केली. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, “माझी ओळ आजवर कोणी दुसऱ्यांदा मागितली नव्हती.”

त्या एका फोनवरून आम्हाला या कामाची दिशा मिळाली. धडगाव-अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगर-बोदवडपर्यंत पसरलेल्या आपल्या तीन जिल्ह्यांत लिहिणारी माणसे कमी नाहीत. त्यांना एकमेकांपर्यंत पोहोचायला वाट नाही. म्हणून येत्या कार्तिकी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारपासून, घरबसल्या मोबाईलवरून सहभागी होता येईल असे नवलेखकांचे ऑनलाइन मंडळ सुरू करण्याचे वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे.

ही परंपरा आपल्या मातीतलीच आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावात जन्मलेल्या, विशीही न गाठलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी तिथे कविता म्हटल्या आणि जाणत्यांनी त्यांना ‘बालकवी’ म्हणून गौरवले. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. वाचणारे मोजकेच आणि ओळखीचे असत, पण ते रोज वाचत. १९५२ नंतर २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा अमळनेरला झाले, तेव्हाची गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या मांडवात मागच्या खुर्च्यांवर वही मांडीवर घेऊन बसलेल्या मुला-मुलींसाठी पुढचे बारा महिने काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

मंडळाची रीत साधी ठेवली आहे. दहा-बारा जणांचा एक गट असेल. ज्याचे लेखन घ्यायचे, त्याने ते गुरुवारपर्यंत पाठवावे, इतरांनी नीट वाचून यावे, आणि रविवारी रात्री साडेआठला, जेवणे आटोपल्यावर, सर्वांनी त्यावर बोलावे. लेखकाने त्या वेळी खुलासा न करता फक्त ऐकावे. कुठे मन रमले, कुठे अडखळले, कुठे समजले नाही, एवढेच वाचकाने प्रामाणिकपणे सांगावे. नुसते ‘छान’, ‘अप्रतिम’ आणि अंगठ्याचे चित्र यांनी कोणाचे लेखन सुधारलेले आम्ही पाहिलेले नाही. शुल्क घेऊन सन्मानपत्र देणाऱ्या स्पर्धा आणि कवींकडूनच पैसे घेऊन निघणारे प्रातिनिधिक संग्रह यांत आमच्या काही सदस्यांचे कष्टाचे पैसे गेले आहेत, त्यामुळे या मंडळात सहभागासाठी कोणतेही शुल्क नसेल आणि प्रमाणपत्रही नसेल.

शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात अनेकांना पाणी भरायला शेतात जावे लागते. बहुतेक घरांतील बायकांना रात्रीपेक्षा दुपारीच थोडी उसंत मिळते. म्हणून बुधवारी दुपारी दोनला दुसरी बैठक ठेवली आहे. आपला मोबाईल क्रमांक सर्वांना दिसू नये असे अनेक भगिनींनी सांगितले, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपचा गट न करता फक्त नाव किंवा टोपणनाव दिसेल अशी बैठकीची सोय आम्ही घेत आहोत. समाजमाध्यमावर टाकलेले लेखन पुष्कळ स्पर्धा आणि नियतकालिके पूर्वप्रसिद्ध धरून नाकारतात, म्हणून इथले लेखन मंडळाबाहेर जाणार नाही. त्यावरचा हक्क अर्थातच लेखकाचाच राहील.

अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी यांत लिहिणाऱ्यांचे विशेष स्वागत आहे. ‘डोये’ लिहिले की मोबाईल त्याचे ‘डोळे’ करतो, आणि लिहिणाऱ्यालाही वाटू लागते की आपलेच चुकले. त्यांना ती बोली कानात असलेला वाचक हवा, आणि असे वाचक आमच्याकडे आज फार थोडे आहेत.

पहिल्या वर्षाचा खर्च ८०,००० रुपये धरला आहे. त्यात लॅपटॉपचे ४५,०००, ऑनलाइन बैठकांच्या वार्षिक वर्गणीचे १५,०००, इंटरनेटचे ८,००० आणि वहीतील लेखन युनिकोडमध्ये टंकित करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानधनाचे १२,००० रुपये आहेत. वाचनालयाच्या सभासदांनी आपसांत २२,००० रुपये जमवले असून ५८,००० रुपये कमी पडतात. रक्कम लहान म्हणून कोणी संकोच करू नये. चांगल्या स्थितीतला जुना लॅपटॉप मिळाला तर निम्म्याहून अधिक भार उतरेल.

पैशांपेक्षाही आम्हाला आपला वेळ हवा आहे. निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत वा सुरतेत राहणारे खान्देशी वाचक, ज्यांना आठवड्यातून दोन तास देता येतील, त्यांनी वाचक म्हणून नाव नोंदवावे. आपण स्वतः लिहीत नसलात तरी चालेल. मन लावून वाचण्याची सवय मात्र हवी. देवनागरी टंकलेखन येणाऱ्या महाविद्यालयीन मुला-मुलींचीही गरज आहे, कारण आलेले बरेच लेखन शंभर पानी वह्यांत आणि पेन्सिलीने लिहिलेले आहे.

देणगी व नावनोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात सोमवारखेरीज रोज सायंकाळी पाच ते आठ या वेळेत स्वीकारली जाईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल. दसऱ्यापर्यंत मदत पोहोचली, तर लॅपटॉप घेऊन पहिल्या बैठकीआधी दोन सराव बैठका घेता येतील. ज्यांना मोबाईलवरून बैठकीत कसे यायचे हे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी त्या ठेवल्या आहेत, आणि कापसाची कविता म्हणणाऱ्या ताईंनी त्यांत सर्वांत आधी नाव दिले आहे.

आपली नम्र,
कार्यकारिणी व नवलेखक समिती