गोळ्यांच्या पाकिटावरचं गाणं

मिरजेच्या मेडिकलवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका अनोळखी बाईंनी मला फोटो पाठवला. गोळ्यांचं खाकी पाकीट. त्यावर तुमच्या हातचं '1-0-1, जेवणानंतर', आणि खाली माझ्या गाण्याचं नाव, माझं नाव, दोन्ही इंग्रजीत, सुटी सुटी अक्षरं. दुकानात गाणं वाजत होतं, त्यांनी 'कुणाचं हो हे?' विचारलं. तुम्ही नुसतं सांगून मोकळे झाला नाहीत, शोधताना चुकू नये म्हणून लिहून दिलंत. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात हयात गेलेल्या माणसाचं अक्षर इतकं सुवाच्य! तो फोटो बघून मी रडले, काका.

त्याआधीचं वर्षच तसं गेलं होतं. एका कॅफेवाल्याने तीन तास गाऊन घेतलं, मानधन विचारलं तर म्हणे 'प्रसिद्धी मिळेल की'. वर कोल्ड कॉफीचं बिल लावलं. प्लेलिस्टमध्ये गाणं घालतो म्हणून एकाने पाच हजार घेतले. ऐकणारी सगळी यंत्रं निघाली, आकडे कापले गेले. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात 1,000 वेळा वाजल्याशिवाय गाण्याला छदामही मिळत नाही. माझं सहाशेवर अडकलेलं. ओळखीच्यांना 'चार जणांना पाठवा' म्हटलं, तर सगळ्यांनी अंगठा दाखवला. मोबाइलवरचा आणि खराही.

आपल्या सतारमेकर गल्लीतले तंबोरे देशभर जातात आणि माझं गाणं शेजारच्या वाड्यात पोचत नव्हतं! दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणातल्या मैफली ऐकत मोठी झालेली जाणकार मंडळी 'अजून पिकायचंय' म्हणायची. असेलही. तुम्ही मात्र राग विचारला नाहीत, गुरू विचारला नाहीत. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते, तुम्ही 'हल्ली काय करतेस?' म्हणालात आणि काउंटरवरचा मोबाइल पुढे सरकवलात. 'लाव.'

बस, एवढंच. शिफारस करणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांना त्यात स्वतःचा कान किती तयार आहे ते दाखवायचं असतं. तुम्हाला फक्त समोरच्या बाईंना गाणं सापडायला हवं होतं.

आता सोळाशेच्या वर गेलंय. पैसे म्हणाल, तर आपल्या दोघांचा चहाही व्हायचा नाही. तो मी पाजते. आईच्या गोळ्या शनिवारी संपतायत, तेव्हा येते. पाकिटावर या वेळी नुसतं 1-0-1 लिहू नका, खाली तुमची सही हवी आहे मला.

तुमची,
बीपीवाल्या काकूंची मुलगी